महादेवीला सुट्टी

मशीनमधून पहिली भाकरी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बाहेर आली, आणि ती चांगली होती.

शिवबाईंना तेच खटकलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ नव्या वस्तू घरात येताना पाहिल्या होत्या. पहिल्या दिवशी प्रत्येक वस्तू काही ना काही खोडी काढते, असा त्यांचा अनुभव. भाकरी जाड निघेल, एका बाजूनं करपेल, चार दिवस घरात हसायला होईल, असं त्यांना वाटलं होतं. पण पट्ट्यावरून एकामागून एक गोल, पातळ, सारख्या डागांच्या भाकऱ्या सरकत आल्या. नातवानं, मंजुनाथनं, पहिली मोडली आणि ऊन ऊन तुकडा आजीच्या हातावर ठेवला.

"कशी हाय अव्वा?" त्यांच्या मुलानं, सिद्धारामनं, विचारलं.

"भाकरी हाय," शिवबाई म्हणाल्या. "अजून काय असणार."

दुसरा तुकडा मंजुनाथनं आत्याला दिला, आणि शेडमधली सगळी माणसं महादेवीच्या तोंडाकडे बघू लागली. सिद्धाराम, त्याची बायको दानेश्वरी, कामाला येणाऱ्या गोजरबाई आणि राजाबाई, मशीन बसवायला राजकोटहून आलेला माणूस, सगळेच. सव्वीस वर्षं या बाळीवेशीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून जी कडक भाकरी पुण्यापासून हैदराबादपर्यंत गेली, ती महादेवीच्या हातची. मदतीला दोघी होत्या, पण पीठ मळायची ती आणि वाळत घालायच्या आधी प्रत्येक भाकरीवर नजर टाकायची तीच. दुकानदार फोनवर सिद्धारामला सांगायचे, "बहिणीच्या हातचीच पाठवा."

महादेवीनं तुकड्याचा पापुद्रा नखानं उचलून पाहिला. सावकाश चावलं.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली. "पीठ पण चांगलं मळलंय."

मंजुनाथ मोकळेपणानं हसला. हे मशीन त्यानं आणलं होतं, तेही आत्यासाठीच. गेल्या हिवाळ्यात एकदा तो तिच्या खोलीत गेला तेव्हा ती दातानं औषधाच्या बाटलीचं झाकण फिरवत होती. बोटं मिटत नव्हती. "थंडीमुळं रे," ती म्हणाली होती. त्यानंतर चार महिने त्यानं दुसरं काही डोक्यात येऊ दिलं नव्हतं.

सिद्धाराम पुढं झाला. चौपन्न वर्षांचा हा माणूस दुकानदारांशी दिवसभर बोलायचा, पण घरात चार वाक्यं बोलायची म्हटलं की त्याला शब्द जुळवावे लागायचे.

"अक्का," तो म्हणाला, "तू लई केलंस. भावजी गेले, तू हितं आलीस, आणि तवापास्नं एक दिवस बसली नाहीस. आता आजपास्नं तुला सुट्टी. मंज्या, आण ते."

मंजुनाथनं ओसरीवरून वेताची आरामखुर्ची आणली. पाय ठेवायला पुढं वेगळी फळी, पाठीला उशी. महादेवीला तिच्यात बसवलं. राजाबाईनं मोबाइलवर फोटो काढला. राजाबाईचा आनंद तर लपत नव्हता. आता तिला आणि गोजरबाईला पॅकिंगचं काम होतं, पंख्याखाली, धुराशिवाय.

"मग मी काय करू?" महादेवीनं विचारलं.

"काही नाही करायचं," सिद्धाराम हसून म्हणाला. "नुसतं बस."

महादेवीही हसली. दानेश्वरीच्या मनात आलं, अक्का अशा हसतात तेव्हा त्या लांब कुठंतरी गेलेल्या असतात. पण राजकोटच्या माणसाला चहा द्यायचा होता. ती आत गेली.

*

दुपारी एकच्या सुमाराला दानेश्वरी जेवायला बोलवायला ओसरीवर आली तर खुर्ची रिकामी होती.

खोलीत नाही. गच्चीवर नाही. शेडमध्ये मशीन चालूच होतं आणि त्याच्याशेजारी गोजरबाई पाकिटांवर चिठ्ठ्या लावत होती.

"अक्का कुटं गेल्या?"

"मला इचारलं, अक्कलकोटची गाडी किती वाजता हाय म्हणून," गोजरबाई म्हणाली. "मी म्हणलं, दर अर्ध्या तासाला असती की. मग पिशवी घेऊन गेल्या. मला वाटलं तुमाला ठावं हाय."

अक्कलकोटच्या पुढं नागणसूरला महादेवीचं सासर. तिथं आता फक्त दीर वीरभद्रप्पा आणि त्यांचा संसार. लग्नकार्याखेरीज महादेवी तिकडं गेलेली दानेश्वरीला आठवत नव्हती. तिनं खोलीतलं कपाट उघडून पाहिलं. सणाची दोन लुगडी तशीच होती. नेहमीच्या चार साड्या नव्हत्या.

पाच मिनिटांत सगळे ओसरीवर जमले.

"फोन बंद हाय तिचा," सिद्धाराम म्हणाला. मग मुलाकडे वळला. "तुला तवाच म्हणलं होतं, घाई करू नको. सहा महिने मशीनवर पण काम करू, हातानं पण करू. पर तुला ऐकायचं नसतं."

"पप्पा, खुर्चीत तुम्ही बसवलंत तिला," मंजुनाथ म्हणाला. "सगळ्यांसमोर 'नुसतं बस' मी म्हणालो का?"

"मग काय वाईट बोललो? सव्वीस वर्षं राबली, तिला बस म्हणायचं न्हाय?"

"मला तिचे हात वाचवायचे होते. तिला काढून टाकायचं नव्हतं."

"काढून कोण टाकतंय?"

"तिला तसं वाटलं असेल."

सिद्धाराम उठला. मग चप्पल शोधू लागला. "मी जातो. घेऊन येतो."

"तू जाऊ नको," शिवबाई म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "तू गेलास तर 'चल' म्हणशील आणि ती येईल. तुझं कधी मोडलंय तिनं? तसं आणून काय उपेग. उद्या परत खुर्चीत बसेल, आणि आतनं गेलेलीच असेल." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "दाना, तू जा."

दानेश्वरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिच्यात आणि नणंदेत कधी भांडण झालं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. एकाच स्वयंपाकघरात दोघी सव्वीस वर्षं एकमेकींना वाट देत फिरल्या होत्या.

"मी जाऊन काय बोलू अव्वा?"

"ते मला ठावं न्हाय," शिवबाई म्हणाल्या. "पर तू खोटं बोलत नाहीस."

*

एसटी स्टँडवर अक्कलकोटच्या फलाटाशी सिमेंटच्या बाकावर महादेवी बसली होती. पिशवी मांडीवर. एक गाडी तिच्यासमोरून गेली होती. ती उठली नव्हती. दुसरीही भरून गेली. तिलाच कळत नव्हतं आपण का चढत नाही.

सकाळपासून ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. खुर्चीत ते मांडीवर पडून होते, कुणीतरी ठेवायला दिल्यासारखे. रोज या वेळेला काठवटीत पिठाचा उंडा फिरत असायचा. आता हात नव्हते तर बाकीचीही ती कुठं आहे, हे तिला उमगेना. भावाचं घर. भावजयीचं स्वयंपाकघर. भाच्याचं मशीन. त्यात खुर्ची तेवढी तिची, आणि तीही आज सकाळी आणलेली.

दानेश्वरी येऊन शेजारी बसली तेव्हा महादेवीनं आश्चर्य दाखवलं नाही.

"कुणाबरोबर आलीस?"

"मंजू बाहेर गाडीजवळ थांबलाय. आत येऊ नको म्हणलं त्याला." दानेश्वरीनं पदरानं कपाळ पुसलं. "ऊन लई हाय. पाणी पिता?"

महादेवी पाणी प्याली. कंडक्टर दुधनी, दुधनी म्हणून ओरडत होता.

"वीरभद्रप्पा भावजींना कळवलंय का तुमी?"

"नाही. जाऊन सांगणार होते."

"काय सांगणार होता?"

"आले म्हणून." महादेवीनं पिशवीच्या बंदाला गाठ मारली, सोडली. "तिकडं अजून चुलीवर भाकरी करतात. घरात बारा माणसं हायत. तिथं माझ्या हाताला काम निघालं असतं."

"बसून खायला इथं कुणी नको म्हणलं होतं?"

"कुणीच नाही म्हणलं," महादेवी म्हणाली. "सव्वीस वर्षांत एकदाही कुणी म्हणलं नाही. म्हणू नये म्हणूनच मी पहाटे चारला उठत होते की गं."

दानेश्वरीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. या बाईला तिनं कायम घराचा खांब समजलं होतं. त्या खांबाला इतकी वर्षं आपण पाहुणे आहोत असं वाटत होतं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

अव्वा म्हणाल्या होत्या, तू खोटं बोलत नाहीस. दानेश्वरी बाकावर पुढं सरकून बसली.

"अक्का, एक सांगते. रागवा पाहिजे तर. मशीन घ्यायचं मंजूच्या डोक्यात आलं तेव्हा सगळ्यात आधी मी हो म्हणलं. तुमच्या हातासाठी म्हणून सगळ्यांना सांगितलं. तुमचे हात दुखतात ते खरंच हाय. पण माझ्या मनात ते नव्हतं." ती थांबली. "मी लग्न होऊन या घरात आले, दोन वर्षांत तुमी आलात. त्यानंतर येईल तो माणूस तुमच्या भाकरीचं कौतुक करून गेला. माझ्या माहेरची माणसंसुद्धा. माझ्या पोराला बारसं झाल्यापास्नं तुमच्याच मांडीवर झोप यायची. मला वाटायचं, या घरात माझं काय हाय? मशीन आलं की अक्कापण माझ्यासारख्याच होतील. असं वाटलं मला. वाईट हाय ते, पण वाटलं."

फलाटावर एक म्हातारा केळं सोलून नातीला भरवत होता. तिकडं बघत महादेवी म्हणाली,

"पहिल्या वर्षी तू माझ्याशेजारी पाट घेऊन बसली होतीस. आठवतंय? म्हणलीस, अक्का, मला दाखवा, माझी फुगत नाही."

"आठवतंय."

"मी तुला चुकीचं दाखवलं."

दानेश्वरीला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"पाणी किती गरम घ्यायचं ते खोटं सांगितलं. आणि कडेला दाबून थाप म्हणलं. कडेला दाबलं की कड पातळ होती, शेकताना फाटती. वाफ कोंडत नाही." महादेवीचा आवाज अगदी खाली गेला. "तुझी फुगली असती तर माझ्याजवळ काय राहिलं असतं? तू बायको होतीस, सून होतीस, तुला पोरगं होतं. मला तेवढंच होतं. चार दिवसांनी तू पाट उचललास आणि परत आली नाहीस. मी रडले त्या दिवशी. आणि बरं पण वाटलं."

दानेश्वरीला राग यायला हवा होता, आणि आलाही. पंचवीस वर्षं ती स्वतःच्या हाताला दोष देत आली होती. आई म्हणायची, तुझ्या हातालाच गुण नाही. पण त्या रागाला बसायला जागा मिळेना. शेजारी बसलेली बाई पिशवीच्या बंदाला गाठी मारत होती, सोडत होती, आणि तिची दोन बोटं मिटत नव्हती.

"बाई गं," एवढंच ती म्हणाली. मग तिला हसू आलं. "आपण दोघी किती शहाण्या."

महादेवीही हसली, या वेळी लांब न जाता. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पर ते सगळं भीतीपोटीच होतं असं नाही गं," ती डोळे पुसत म्हणाली. "मला आवडायचं ते. पहिल्या दहा-बारा भाकऱ्या जड जायच्या. मग हात आपोआप फिरायला लागायचे. मग मी कोण, कुणाची, काही डोक्यात नसायचं. यांची आठवण यायची, ती पण नुसती शेजारी येऊन बसल्यासारखी. दुखायची नाही. ते आता कुठं मिळायचं मला?"

"मग थापा की. कोण अडवतंय?"

"कुणासाठी? मशीन तासाला पाचशे काढतंय. चांगल्या हायत त्या, मी खाऊन बघितलं. माझ्या शंभराचं काय करायचं? मला खेळ म्हणून काम नको, दाना. लहान पोराला गोळा देतात पिठाचा, तसं."

दानेश्वरीनं विचार केला. काहीतरी गोड बोलावं असं वाटलं, आणि मग बोलू नये असं वाटलं.

"मला ठावं नाही," ती म्हणाली. "खरंच नाही. पर ते शोधायला दिराच्या घरी कशाला जायचं? घरी बसून शोधू. नाही सापडलं तरी जेवण तर घरीच करायचं. तुमी काय भाकरीच्या बदल्यात राहत होता का आमच्याकडं?"

"तसंच राहत होते."

"आमी नव्हतं ठेवून घेतलं तसं," दानेश्वरी म्हणाली. "निदान मी तरी नाही. मला तुमचा हेवा वाटायचा, अक्का. पाहुण्याचा कुणी हेवा करतं का?"

अक्कलकोटची तिसरी गाडी फलाटाला लागली. माणसं दाराशी लोटली. महादेवीनं गाडीच्या पाटीकडे पाहिलं, मग पिशवी दानेश्वरीच्या हातात दिली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला महादेवीला वेळ लागायचा, म्हणून.

बाहेर मंजुनाथ मोटारसायकलजवळ उन्हात उभा होता. आत्याला पाहून त्यानं काही विचारलं नाही. "रिक्षा बघतो," म्हणाला, आणि रस्त्याकडे गेला. त्याची मान खाली होती आणि तो बाहीनं नाक पुसत होता, सात वर्षांचा असताना पुसायचा तसा.

*

दोघी घरी पोहोचल्या तेव्हा अडीच वाजून गेले होते. मशीन बंद केलेलं होतं. सिद्धाराम दारातच होता. त्यानं पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली, परत आला आणि म्हणाला, "जेवली नाहीस ना अजून?"

"नाही."

"मी पण नाही."

"मला खुर्ची नको होती, सिदू," महादेवी म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. "चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं." भावानं आपलं काही चुकलं असं म्हटलेलं महादेवीनं पहिल्यांदाच ऐकलं.

स्वयंपाकघरात शिवबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी गेल्या आठ वर्षांत पिठाला हात लावला नव्हता. मनगटांत जोर राहिला नव्हता. आता त्यांनी परातीत पीठ घेतलं होतं, गरम पाणी ओतलं होतं, आणि तळव्यानं मळायला बघत होत्या. पीठ हलत होतं, पण एकजीव होत नव्हतं.

"अव्वा, काय करायलीस?" महादेवी पुढं झाली. "सोड. दे इकडं."

"बस तू."

"अगं पण..."

"बस म्हणते ना. पाटावर." शिवबाई हात न थांबवता बोलत राहिल्या. त्यांच्या मराठीत मधेच माहेरचं कानडी मिसळत होतं, मन भरून आलं की मिसळायचं तसं. "तू आलीस त्या वर्षी, तिसऱ्या दिवशी मी तुझ्यापुढं परात ठेवली. मला वाटलं, रिकामी बसली तर रडून मरंल पोरगी. कामात राहिली तर जगंल. तू जगलीस. मग मला वाटलं, बरोबर केलं मी. पर नंतर मी परात उचललीच न्हाय गं. तू आपली थापत राहिलीस आणि मी बघत राहिले. एक दिवस म्हणायला पाहिजे होतं, महादू, आज राहू दे, ये, जेव." त्यांनी उंडा काठवटीत टाकला. दोनदा थापला. हात तिथंच थांबला. तिसऱ्यांदा उचलला जाईना.

दानेश्वरीनं पदर खोचला आणि सासूच्या बाजूला उभी राहिली. "मी करते अव्वा. तुमी वाढा."

तिनं उंडा हातात घेतला. खाली पीठ पसरलं. थापायला लागली, आणि तेव्हा लागलेल्या सवयीनं तिचा तळवा कडेला जोरात पडला. महादेवी पाटावरून अर्धवट उठली. शिवबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बसूनच सांग," त्या म्हणाल्या.

महादेवी बसली. क्षणभर तिनं डोळे मिटले. तिच्या मांडीवरची बोटं आपोआप हलत होती.

"कडेला जोर देऊ नको," ती दानेश्वरीला म्हणाली. "मधनं बाहेर ढकल. आणि हात फिरवू नको, भाकरी फिरू दे हाताखाली. हां. तसं."

"अशी?"

"घाई नको. तिला वेळ लागतो."

भाकरी तव्यावर पडली. वरून पाणी फिरवलं. उलटली. मग दानेश्वरीनं ती चिमट्यानं आचेवर धरली. आधी काहीच झालं नाही. मग मधोमध थोडीशी उचलली, एका बाजूला टम्म झाली, दुसऱ्या बाजूला चपटीच राहिली. दानेश्वरी तिच्याकडे बघत राहिली.

"अर्धी फुगली," ती म्हणाली.

"आज अर्धी," महादेवी म्हणाली. "उद्या बघू."

शिवबाईंनी ताट घेतलं. भाकरी ठेवली, शेंगाचटणी, वर तेलाची धार, वाटीत वरण. दोन्ही हातांनी ते उचलून लेकीसमोर ठेवलं. वाकताना थोडं वरण सांडलं. कुणी पुसायला धावलं नाही. दारात सिद्धाराम आणि मंजुनाथ उभे होते. आत यावं का बाहेरच थांबावं, ते दोघांनाही ठरवता येत नव्हतं.

महादेवीनं भाकरी मोडली. कड जाड होती आणि मध्ये एका ठिकाणी किंचित कच्ची होती. तिनं चटणीशी पहिला घास घेतला, मग दुसरा. गरम होती. सव्वीस वर्षं ती सगळ्यांची झाल्यावर जेवायला बसत आली होती, आणि तोवर भाकरी गार झालेली असायची. तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी कशी लागते, ते ती विसरून गेली होती.

ती सावकाश जेवली. ताटातली भाकरी संपली तशी तिच्या पायांनी नेहमीसारखी उठायची तयारी केली. मग ती थांबली. तिनं आईकडे पाहिलं, तव्याशी उभ्या असलेल्या भावजयीकडे पाहिलं, आणि लहानपणी बोलायची त्या भाषेत म्हणाली,

"अव्वा, इन्नोंदु."

अजून एक.

दानेश्वरीनं परातीत हात घातला आणि पुढचा उंडा घेतला.